कमवा, शिका आणि एसटीचे भाडे

२२ सप्टेंबर ही कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती. रयत शिक्षण संस्थेची शाखा असलेल्या गावागावांतून त्या दिवशी मुलांच्या मिरवणुका निघतात, लेझीम घुमते, पांढऱ्या दाढीतली कर्मवीरांची प्रतिमा सजवलेल्या गाडीवरून फिरते आणि दुपारच्या भाषणांत ‘वटवृक्ष’ हा शब्द इतक्यांदा येतो की मागच्या रांगेतली मुले तो मोजत बसतात. यात वावगे काही नाही. ज्या माणसामुळे आजोबा शाळेत गेले, त्याच्या नावाने नातवाने लेझीम खेळावी हे चांगलेच. पण भाऊराव भाषणांपेक्षा हिशेबाचे माणूस होते. एका मुलाला वर्षभर जेवायला किती धान्य लागते, त्याचे काम किती, त्यातून त्याची फी कशी सुटते, याचा ताळा ते घालत. जयंतीच्या निमित्ताने आज तसाच एक ताळा घालून पाहावा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने पदवीचा जो आराखडा आखला, त्यात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले आहे. मुलांच्या तोंडी ते ‘ओजेटी’. चार श्रेयांकांचे, म्हणजे १२० तासांचे. पदव्युत्तर वर्गांना हे २०२३-२४ पासून लागू झाले. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ साली पहिल्या वर्षाला बसलेली बीए, बीकॉम, बीएस्सीची तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षाला पोचते आणि आराखड्याप्रमाणे सहाव्या सत्रात या १२० तासांना सामोरी जाते. अभियांत्रिकीच्या मुलांना इंटर्नशिप नवी नाही. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातली मुले कारखान्यांच्या फाटकातून आत जातात ती पिढ्यान्‌पिढ्या. नवे आहे ते पाटणच्या खोऱ्यातून कराडला येणाऱ्या बीएच्या मुलाला आणि जतच्या बीकॉमच्या मुलीला. त्यांच्या घरात ‘इंटर्न’ हा प्राणी आजवर कोणी पाहिलेला नाही.

आठ तासांचा दिवस धरला तर १२० तास म्हणजे पंधरा दिवस. ऐकायला किरकोळ. पण जतहून सांगली ऐंशी-नव्वद किलोमीटर पडते. रोज जाऊन-येऊन करायचे तर दिवसाचे चार-पाच तास एसटीत जातात, राहायचे तर खोलीचे भाडे. वर दुपारचे जेवण. आणि ज्या खर्चाची पावती कुठेच फाडली जात नाही तो खर्च म्हणजे बुडालेली मजुरी. सहावे सत्र म्हणजे जानेवारी ते एप्रिल. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात तेव्हाच द्राक्षांची तोडणी असते, बेदाण्याच्या शेडवर माणूस मिळत नाही, हळद शिजवून पॉलिशला चाललेली असते आणि कारखान्यांचा गळीत हंगाम उतरणीला लागलेला असतो. कॉलेजात शिकणारी कितीतरी मुले-मुली या हंगामात कामाला जातात आणि त्या पैशात पुढच्या वर्षाची सोय लावतात. त्यांना आपण आता सांगणार आहोत की हे काम सोडा आणि पंधरा दिवस कुठेतरी फुकट काम करून या. त्याशिवाय पदवी नाही.

भाऊरावांनी काम आणि शिक्षण यांची जी सांगड घातली होती, ती इथे नेमकी उलटी झाली आहे. त्यांच्याकडे पोरगा काम करून शिक्षणाचा खर्च भागवायचा. आता तो काम मिळवण्यासाठी खर्च करतो.

ती मूळ सांगड कशी होती ते एकदा नीट पाहायला हवे, कारण मिरवणुकीत ती दिसत नाही. भाऊराव कुंभोजचे, १८८७ चा जन्म. घराणे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. संस्था काढण्याच्या आगेमागे त्यांनी स्वतः जी उमेदवारी केली, ती सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतल्या कारखानदारीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला होता. तिथला लोखंडी नांगर शेतकऱ्यांना पटवून विकायला भाऊराव गावोगाव हिंडले. कराडजवळच्या ओगले काच कारखान्यासाठी फिरले. पुढे सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्यात होते. ज्याला पुढे महाराष्ट्राने शिक्षणमहर्षी म्हटले, त्याला खेड्यातल्या माणसाची नड आणि ऐपत कळली ती अशी नांगर विकताना. त्याआधी दूधगावला सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थी आश्रम झाला होता; मग नेर्ले, मग काले. कराड तालुक्यातल्या याच काले गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. (त्याच १९१९ साली सांगलीला विलिंग्डन कॉलेज सुरू झाले. शेजारच्या दोन जिल्ह्यांत एकाच वर्षी दोन टोकांच्या दोन वाटा निघाल्या. पुढे दोन्ही वाटांनी एकाच घरातली भावंडे गेली.)

१९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. धनिणीच्या बागेतल्या वसतिगृहाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ हे नाव मिळाले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, स्वतःच्या भाकऱ्या स्वतः भाजत, धुणी धूत आणि शेतात राबत. बोर्डिंगचे धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट प्रत्येक जयंतीला सांगितली जाते. सांगताना एवढे मात्र निसटते की मुलाच्या पोटाची जबाबदारी संस्थेने स्वतःवर घेतली होती. काम हा त्यानंतरचा भाग होता. आधी भाकरी, मग कुदळ.

हीच रीत पुढे १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूलला आणि जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजला लागू झाली. कमवा आणि शिका या तत्त्वावरचे, फी न घेणारे कॉलेज हे त्या काळी धाडसच होते. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील पन्नाशीच्या दशकात या कॉलेजात प्राध्यापक होते आणि ‘कमवा आणि शिका’चे रेक्टरही होते. हा तपशील आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मुले काम करत तिथे त्यांच्यावर नजर ठेवणारा माणूस वर्गातही त्यांना ओळखत होता. कोणाचा हात फोडाने भरला, कोणाचे गणित कच्चे, कोण आठवडाभर गप्प आहे, हे एकाच माणसाला ठाऊक असे. शाहू बोर्डिंगमधून निघालेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशा नावांची यादी मोठी आहे आणि प्रत्येक नावामागे असा कोणीतरी पाहणारा होता.

त्या काळाचे गोडवे गाताना थोडे सांभाळावेही. सकाळी माळ खणून आलेला मुलगा दुपारच्या तासाला पेंगत नसेल असे नाही. आणि ती व्यवस्था मुख्यतः मुलग्यांची होती. आज सातारा-सांगलीतल्या कला आणि वाणिज्यच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने बसतात. त्यांच्यापुढचा प्रश्न कुदळीचा नाही. संध्याकाळी सहानंतर गावाकडे जाणारी गाडी आहे का, एवढाच तो असतो, आणि तेवढ्यावर इंटर्नशिप होते किंवा हुकते. तेव्हा कर्मवीरांची योजना जशीच्या तशी उचलून आणा असे कोणी म्हणू नये. तिच्यातला ताळा तेवढा उचलावा.

तो चुकला की काय होते ते दिसू लागले आहे. घरबसल्या, पैसे भरून, दोन चाचण्या देऊन ‘इंटर्नशिप पूर्ण’ असे प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्या जाहिराती मुलांच्या मोबाइलवर रोज येतात. दुसरा मार्ग ओळखीचा: मामाच्या ओळखीच्या दुकानाचा शिक्का, सहीसाठी एक चक्कर, बाकी १२० तास कागदावर. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला जायला भाडे नाही आणि गेल्यावर शिकवणारे कोणी नाही, त्याने शिक्का आणला तर तो व्यवहारात शहाणाच ठरतो. कॉलेजही डोळेझाक करते, कारण तीनशे मुलांना पाठवायचे कुठे, हे कॉलेजलाच माहीत नसते.

खरे म्हणजे जागा आहेत. आपण फक्त ‘कंपनी’ हाच शब्द शोधत बसतो आणि शिरवळ, फलटण, कराड, कुपवाड, मिरजच्या औद्योगिक वसाहतींच्या फाटकाबाहेर रांग लावतो. तिथे बीएच्या मुलाला काय काम देणार? त्याच्यासाठी वाईला मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्या गावात बसून हे अवाढव्य काम मार्गी लावले, त्या गावापासून तासा-दोन तासांवर मराठी विषयाचे पदवीचे वर्ग चालतात, आणि एखादी नोंद कशी तपासतात, संदर्भ कसा लावतात, मुद्रित कसे वाचतात हे न पाहता मुले मराठीची पदवी घेऊन बाहेर पडतात. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले भवानी संग्रहालय आहे. चित्राची नोंद कशी ठेवतात, पावसाळ्यात कॅनव्हास कसा जपतात, हे तिथे १२० तासांत नक्की शिकता येईल. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय २०२४ मध्ये लंडनहून आलेल्या वाघनखांमुळे गजबजले. तिथे आलेल्या लोकांशी दोन वाक्ये नीट बोलू शकणारा इतिहासाचा विद्यार्थी संग्रहालयालाही हवाच असतो. मोडी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत आणि दोन्ही जिल्ह्यांत मोडीतले दप्तर घराघरांत पडून आहे.

विज्ञानवाल्यांचे भाग्य तर शेजारच्या कोणत्याही जिल्ह्याला हेवा वाटावा असे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने जो प्रश्न जगापुढे ठेवला, त्याचा जमिनीत खोल छिद्र पाडून अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडला आहे. महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून काम करते आहे. या सगळ्या ठिकाणी शंभर मुले मावणार नाहीत हे उघड आहे. चार मावली तरी चालतील. पण ती चार दरवर्षी पुण्या-मुंबईचीच का असावीत?

आणि सांगलीची बाजारपेठ! हळदीचे सौदे चालतात त्या मार्केट यार्डात बीकॉमच्या मुलाला पंधरा दिवस सोडा. अडत म्हणजे काय, तोलाई-हमाली कशी लागते, पट्टी कशी बनते, शीतगृहात ठेवलेल्या बेदाण्यावर कर्ज कसे मिळते, भाव पडला तर बँक काय करते हे तिथे समजेल ते तीन वर्षांच्या पुस्तकांत सापडायचे नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाचा शेतकऱ्याला प्रत्यक्ष दोन पैशांचा फायदा झाला की नाही, एवढा एकच प्रश्न घेऊन दहा मुली गावोगाव फिरल्या तर तो क्षेत्र-प्रकल्प बाजार समितीलाही वाचावा लागेल. हरिपूरची हळदीची पेवे २००५ च्या महापुरात गेली. ती कशी खोदत, कशी भरत हे सांगू शकणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत. मिरजेला सतारमेकरांची गल्ली आहे. २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेले, तेव्हा कोणत्या गल्लीत किती पाणी होते याच्या खुणा भिंतींवर अजून आहेत. भूगोलाच्या मुलांनी त्या नकाशावर उतरवाव्यात. हे काम महापालिकेला हवे आहे आणि कॉलेजला श्रेयांक हवे आहेत. दोघांची गाठ घालून देणारा कोणी नाही.

आता पैशाचे. सरकारी योजना नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तेव्हा महिना ५,००० रुपये होते, त्यातले ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून. शिवाय एकदाच ६,०००. पण सुरू झाली तेव्हा ती पूर्ण वेळ शिकणाऱ्यासाठी नव्हती. शिक्षण संपवून बसलेल्या २१ ते २४ वर्षांच्या मुलांसाठी होती. तिच्या पहिल्या फेरीचे आकडे बोलके आहेत. सव्वा लाखांहून अधिक जागा होत्या, ८२ हजारांवर देकार गेले, आणि प्रत्यक्ष रुजू झाली ती नऊ हजारांच्याही आत. ठिकाण लांब पडते आणि बारा महिन्यांची मुदत मोठी होते, ही कारणे सरकारनेच सांगितली. म्हणजे जतच्या मुलीची अडचण दिल्लीच्या कागदावरही उमटली आहे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय वा पदविका आणि पदवी अशा पायऱ्यांनी ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले. मुले ग्रामपंचायतीपासून तहसीलपर्यंत रुजू झाली, कामही केले. मुदत संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर मिळेना म्हणून आंदोलनाला बसली. तिसरा आधार १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा: तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेतलेच पाहिजेत, आणि त्यांना विद्यावेतन दिलेच पाहिजे. ही सारी मदत पदवीनंतरची किंवा पदवीच्या बाजूची. ज्या १२० तासांची सक्ती पदवीच्या आत आहे, त्यांच्या भाड्याचा एक रुपया यांपैकी कोणत्याच खात्यात बसत नाही.

कूपर यांच्याशी भाऊरावांचे बिनसले ते कारखान्याच्या नफ्यातला ठरलेला वाटा शिक्षणाला मिळाला नाही म्हणून, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आज तसा वाटा कायद्यात आला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. सातारा-सांगलीत असे कारखाने आहेत आणि त्यांचे पैसे शाळांच्या रंगरंगोटीवर, बाकांवर, पाण्याच्या टाक्यांवर खर्च होतात. चांगलेच आहे, फलकही लावता येतो. विद्यार्थ्याच्या पंधरा दिवसांच्या भाड्याला फलक लावता येत नाही, हीच काय ती अडचण. साखर कारखाने, दूध संघ आणि जिल्हा बँका सहकारातल्या आहेत. त्यांचे सभासद म्हणजे याच मुलांचे आईबाप. वार्षिक सभेत सभासदाने उठून विचारायला हरकत नाही की आमच्या पोरांना आपल्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत, हिशेब खात्यात, शेती विभागात पंधरा दिवस बसवून दिवसाला जेवण आणि भाडे का देत नाही.

पैशाइतकीच मोठी उणीव माणसांची आहे. ओजेटीला गेलेल्या मुलाला कॉलेजातला एक मार्गदर्शक असावा असे आराखडा म्हणतो. तो कोण? बऱ्याच विभागांत कायम पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत आणि शिकवणारे प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. तासाला पैसे मिळणाऱ्या माणसाने, ज्याचे एप्रिलनंतरचे काय ते त्यालाच माहीत नाही, चाळीस मुलांच्या कामाच्या ठिकाणी स्वतःच्या मोटारसायकलने जाऊन यायचे, आणि त्या तासांचे मानधन कोणत्याही तक्त्यात नाही. एन. डी. पाटलांसारखा रेक्टर हवा म्हणणाऱ्यांनी त्यासाठी कायम नेमणूक लागते हेही ध्यानात ठेवावे.

विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या ‘कमवा आणि शिका’ योजना आज चालू आहेत. ग्रंथालयात पुस्तके लावणे, प्रयोगशाळा झाडणे, बागेला पाणी, कार्यालयात नोंदी, असे काम आणि तासावर मानधन. त्या गरजू मुलांसाठी म्हणून वेगळ्या ठेवलेल्या आहेत आणि ओजेटी सर्वांसाठी म्हणून वेगळी. या दोन वह्या एक करता येतील. ग्रंथालयात वर्षभर काम करणारा मुलगा जर तालिका करायला, सॉफ्टवेअरवर नोंद घ्यायला शिकला असेल, त्याचे काम ग्रंथपालाने तपासले असेल, तर त्याचे तास श्रेयांकात का धरू नयेत? ज्या मुलीने दोन हंगाम बेदाण्याच्या शेडवर प्रतवारी केली, तिने त्याच शेडचा खर्च-उत्पन्नाचा ताळेबंद वाणिज्यच्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली लिहून दिला, तर तिची मजुरी बुडवून दुसरीकडे पाठवायची गरज काय? सातारा शहरात आता कर्मवीरांच्या नावाचेच विद्यापीठ आहे. नियम थोडे वाकवून पाहायचे तर सुरुवात तिथून व्हावी, हे सयुक्तिक.

दिवाळीच्या सुट्टीला अजून अवधी आहे. पाचव्या सत्राची परीक्षा लागण्याआधी प्रत्येक कॉलेजने तालुक्यातल्या जागांची यादी सूचनाफलकावर लावावी: जागा कोणती, काम काय, मुले किती, जेवण मिळते का, शेवटची गाडी कितीची. प्राचार्यांनी आणखी एक पत्र एसटीच्या विभाग नियंत्रकांना लिहावे. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच टप्प्याचा असतो. सहाव्या सत्रातल्या त्या पंधरा दिवसांसाठी तो घर ते कामाची जागा असा करून मिळावा, एवढेच त्यात मागायचे आहे.